इंजिन खोलण्याआधी: जुन्या बोटीचा घटलेला वेग कुठे गेला, ते कसं शोधायचं

माझी बोट 18 फुटी, फायबरची. मागे 115 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, 2008 सालचं. बोटीचा सांगाडा त्याहूनही जुना. घेतली तेव्हा दोन माणसं, अर्धी टाकी पेट्रोल आणि सपाट पाणी असलं की ती 32 नॉट धावायची, म्हणजे ताशी 59 किलोमीटर. मागच्या हंगामात, नारळी पौर्णिमा झाल्यावर पाण्यात उतरवली आणि मालवणहून देवबागच्या दिशेने वेगाचा लिव्हर पूर्ण पुढे ढकलला, तर जीपीएस 25 नॉटच्या पुढे सरकेना.

मेकॅनिकने आवाज ऐकला, धूर बघितला आणि सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल. रिंगा गेल्या असतील." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. खर्चाचा आकडा ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. पुढचे तीन आठवडे मी जे शोधत होतो, ते इथे सविस्तर लिहितोय. कारण किनाऱ्यावर कुठेही जुनी बोट मंदावली की पहिला आळ इंजिनावर येतो, आणि कित्येकदा बिचाऱ्या इंजिनाचा काही दोष नसतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. इंजिन पंखा फिरवतं, पंखा पाणी मागे ढकलतो, आणि बोट पाण्याचा विरोध कापत पुढे जाते. वेग या तिन्ही ठिकाणी हरवू शकतो. इंजिन ताकद देत नसेल, पंखा ती ताकद पाण्यात उतरवत नसेल, किंवा बोटच जास्त ओढ घेत असेल. लिव्हरवर हात ठेवून बसलेल्या माणसाला तिन्ही वेळेला एकच जाणवतं: बोट पळत नाही. वेगळेपण कळतं ते आकड्यांत. त्यासाठी दोनच आकडे लागतात. लिव्हर पूर्ण पुढे असताना इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) किती आणि त्या वेळी बोटीचा खरा वेग किती.

## आकडे घ्यायचे कसे

डॅशबोर्डवरच्या जुन्या स्पीडोमीटरवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच जुन्या बोटींत तो पाण्याच्या दाबावर चालतो. मागे पाण्यात एक बारीक नळी असते, तिच्या तोंडावर पाणी जितकं जोरात आदळेल तितका काटा वर जातो. त्या नळीत चिमूटभर वाळू गेली किंवा एखादा बार्नेकल (बोटीच्या तळाला चिकटणारा कवचाचा जीव) बसला की काटा खोटं बोलायला लागतो. मोबाइलमधलं जीपीएस या कामाला उत्तम.

मोजणी दोन्ही दिशांनी करायची. एकदा खाडीच्या मुखाकडे, लगेच वळून परत, आणि दोन्हींची सरासरी. कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी एवढं खेचतं, की एकाच दिशेने मोजलेला वेग काही कामाचा नसतो. शक्यतो भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, धरा, पाणी मंद असतं. वेळ सकाळची. मतलई वारा पडतो आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो, तो तासाभराचा शांत तुकडा. किती माणसं होती, किती पेट्रोल होतं, हे वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे बोट घेतली त्या दिवसाची नोंद होती: 5600 आरपीएम, 32 नॉट. ती एक ओळ नसती तर पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं. तुमची बोट आज चांगली पळत असेल तर आजच ही नोंद करून ठेवा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आरपीएमचा काटाही तपासून घ्या. जुन्या मीटरच्या पाठीमागे एक छोटा खटका असतो. इंजिनाच्या चार्जिंग कॉइलला किती पोल आहेत, त्याप्रमाणे तो लावायचा असतो. खाऱ्या हवेत त्याचे संपर्क गंजतात आणि काटा शे-पाचशे आरपीएमने सहज चुकतो. खटका दोन-चार वेळा पुढेमागे करून मूळ जागी आणला तरी पुष्कळदा काम होतं.

माझे नवे आकडे आले 5500 आरपीएम आणि 25 नॉट. वेग सात नॉटने पडला, पण आरपीएम फक्त शंभराने. इथेच मला रिंगांबद्दल शंका यायला लागली.

## पंखा किती पाणी कापतो

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते, जर पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा त्यात स्क्रूसारखा शिरला असता तर. माझा पंखा 17 पिचचा. पण इंजिनाच्या एका फेऱ्याला पंखा एक फेरा मारत नाही. खाली गिअर असतात. माझ्या इंजिनाचा गिअर रेशो 2.15, म्हणजे इंजिनाच्या 2.15 फेऱ्यांना पंख्याचा एक.

आता हिशेब सोपा आहे. आरपीएमला गिअर रेशोने भागायचं, पिचने गुणायचं, आणि 0.001524 ने गुणायचं. हा शेवटचा आकडा इंचाचे किलोमीटर आणि मिनिटाचा तास करण्यासाठी. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. त्याला 1.852 ने भागलं की नॉट.

माझं गणित असं झालं. 5500 भागिले 2.15, साधारण 2558. गुणिले 17, गुणिले 0.001524, म्हणजे ताशी 66.3 किलोमीटर, म्हणजे 35.8 नॉट. पंखा अजिबात घसरला नसता तर बोट इतकी धावली असती. प्रत्यक्षात धावली 25. म्हणजे 30 टक्के वेग पंखा आणि पाणी यांच्यामध्येच विरून गेला. याला स्लिप म्हणतात.

थोडी स्लिप असायलाच हवी. पाणी मागे सरकल्याशिवाय बोट पुढे जाणार कशी? पाण्यावर चढून पळणाऱ्या हलक्या बोटीला पूर्ण वेगात 10 ते 15 टक्के स्लिप ठीक. जड बोटीला जरा जास्त. माझ्या जुन्या नोंदीवर हेच गणित केलं तर 36.4 नॉट येतात, प्रत्यक्ष 32, म्हणजे 12 टक्के. बारावरून तीसवर. इंजिनाच्या रिंगांनी स्लिप अशी वाढत नाही. इंजिन अशक्त झालं तर ते पंखा सावकाश फिरवतं. आरपीएम पडतात, वेगही पडतो, पण त्या कमी आरपीएमला जितकं अंतर कापायला हवं त्याच्या आसपास बोट कापत राहते. स्लिप भरमसाट वाढली असेल तर नजर इंजिनाकडून खाली, पंख्याकडे आणि तळाकडे वळवायची. मला या सगळ्या शोधातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

उलट बाजूचाही एक ठोकताळा उपयोगी आहे. पंखा फिरवायला लागणारी ताकद ढोबळमानाने आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे चार सिलिंडरांपैकी एक पूर्ण मेला, ताकद पाव हिश्शाने गेली, तर 5600 चे आरपीएम 5100 च्या आसपास किंवा त्याखाली यायला हवेत. 5500 दाखवणारं इंजिन एवढं आजारी असणं कठीण. अर्थात पंखा घसरत असेल तर इंजिनावरचा भार हलका होतो आणि आरपीएम वर राहतात, हे खरं. म्हणून मी इंजिनाला लगेच निर्दोष ठरवलं नाही.

## किती घटला, यावरूनही कळतं

जॉर्ज क्राउच नावाचे अमेरिकन बोट-रचनाकार होऊन गेले. त्यांनी रचलेल्या बोटीने 1924 आणि 1925 साली अमेरिकेतली गोल्ड कप शर्यत जिंकली होती. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आजही वापरतात: पाण्यावर चढून पळणाऱ्या बोटीचा वेग हा ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वजन 10 टक्के वाढलं तर वेग साधारण 5 टक्के घटतो. ताकद 10 टक्के घटली तरी तेवढाच.

32 वरून 25 वर यायला, केवळ ताकदीमुळे, इंजिनाची जवळजवळ 40 टक्के ताकद जायला हवी. तसं इंजिन 5500 फिरणार नाही. केवळ वजनामुळे म्हणावं तर 1200 किलोच्या बोटीत साडेसातशे किलो जास्तीचं वजन हवं. तेवढं वजन असतं तर बोट पाण्यावर चढायलाच घुटमळली असती. दोन्ही एकेकटी बसत नाहीत. म्हणजे कारणं एकापेक्षा जास्त आहेत, आणि बहुधा ती एकमेकांना झाकताहेत. जुन्या बोटीत हे नेहमीचंच. नव्या बोटीचं एक काहीतरी बिघडतं, जुन्या बोटीचं थोडं थोडं सगळीकडून.

हेही लक्षात घ्या, की एखाद-दुसरा नॉट कमी झाला तर त्यामागे लागू नका. मे महिन्याची उकाड्याची दमट हवा डिसेंबरच्या सकाळच्या हवेपेक्षा पातळ असते आणि तेवढ्यानेही फरक पडतो. टाकी भरलेली असणं, आइस-बॉक्स, दोन जादा माणसं, हेही त्यातच आलं.

## फुकटातल्या तपासण्या

पैसे खर्च करण्याआधी जे हाताने करता येतं ते करून घ्यावं. इंजिन बंद ठेवून वरचं कव्हर काढा आणि कुणाला तरी लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा. थ्रॉटलची झडप खरंच पूर्ण उघडते का ते डोळ्याने बघा. केबल वर्षानुवर्षं ताणली जाते, तिच्या आवरणात मीठ साचतं, आणि लिव्हर टोकाला गेला तरी झडप बोटभर अलीकडेच थांबते. माझी पूर्ण उघडत होती.

मग पेट्रोल. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत जो रबरी बल्ब असतो, तो बोट पूर्ण वेगात असताना कुणाला तरी हातात धरायला सांगा. बल्ब आत चेपला जात असेल तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे: टाकीला हवा घेणारं छिद्र बंद, आतल्या जाळीत कचरा, किंवा नळी आतून सुजलेली. बल्ब दाबत राहिल्यावर बोट उचल खात असेल तर इंजिनाचा पेट्रोल पंप थकलाय, नाहीतर कुठेतरी हवा शिरतेय. खात्री करायची तर एका सुट्या टाकीत ताजं पेट्रोल घालून, नव्या नळीने थेट इंजिनाला जोडून एक फेरी मारा. वेग परत आला तर दोष बोटीच्या टाकीत आणि नळीत.

आता आपल्याकडच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ताकद त्याने फार घटते असं नाही, खप वाढतो. खरा त्रास वेगळा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि समुद्रकाठच्या हवेत पाण्याला काय तोटा! चार महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर बसू शकतो. शिवाय जुन्या नळ्यांचं आतलं अस्तर त्याने सुटतं आणि झडपेसारखं आडवं येतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते. पंधरा वर्षं जुन्या नळ्या असतील तर तपासत बसू नका, बदलून टाका.

इंजिन गरम होतंय का हेही बघा. मागून जी पाण्याची धार उडते ती बारीक झाली असेल तर थंड करणारं पाणी खेचणारं रबरी चाक (इम्पेलर) किंवा मिठाने चोंदलेला मार्ग. अलीकडची बरीच इंजिनं तापली की स्वतःला वाचवायला आरपीएम आपणहून कमी करतात. मग मालकाला वाटतं ताकद गेली.

आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते. दाब मोजायचा गेज भाड्याने किंवा उसना मिळतो. सगळे प्लग काढायचे, इग्निशनची जोडणी सोडवायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, बॅटरी भरलेली हवी. महत्त्वाचा असतो तो सिलिंडरांमधला फरक. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 10–15 टक्क्यांहून खाली असेल तर काळजी करायची. माझे चारही 170 ते 180 पीएसआयच्या आत आले. मेकॅनिकने स्वतः गेज धरला होता. तो भला माणूस आहे. त्याने गेज पुसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग पंखा काढूया."

## पंखा हातात घेतल्यावर

पंखा किनाऱ्यावर आणून उन्हात धरला तेव्हा तो वाईट दिसत नव्हता. वाकलेला नाही, तुटलेला नाही. पण पात्याच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला तर ती सुरीसारखी पातळ लागली. चांगल्या पंख्याच्या मागच्या कडेला बारीकसा आतला वळसा असतो, चमच्याच्या काठासारखा. तो वळसा पाण्याला घट्ट पकडतो. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावरून वर्षानुवर्षं ये-जा करून माझ्या अॅल्युमिनियमच्या पंख्याचा तो काठ वाळूने पार घासून नेला होता. पंखा फिरत होता, पण पाणी धरत नव्हता.

पंख्यात आणखी एक लपलेली जागा असते. पंख्याचा बाहेरचा भाग आणि मधला दांडा यांच्यामध्ये रबरी बुश असतो. पंखा काही कठीण वस्तूवर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून. हा बुश सुटला की हळू चालताना सगळं ठीक, आणि जोर दिला की इंजिन ओरडतं, बोट मात्र तिथेच. तपासायची युक्ती सोपी: पंख्याच्या मागच्या तोंडावर, मधल्या नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत ऑइल-पेंटची एक सरळ रेघ मारा. पूर्ण जोराने फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे वेगळ्या जागी गेले असतील तर बुश सुटलाय. माझी रेघ सरळच राहिली.

इंजिन किती उंचीवर बसवलंय हेही पंख्याच्याच प्रकरणात येतं. पंख्याच्या लगेच वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर वर असावी. फार वर असेल तर पंखा पृष्ठभागावरची हवा आत खेचतो आणि वळताना आरपीएम अचानक उसळतात. फार खाली असेल तर खालचा अख्खा भाग पाण्यात ओढला जातो. लोक या हवा खेचण्यालाही कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरचा दाब इतका कमी होतो की पाणीच उकळल्यासारखं वाफ होतं, आणि ते बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात.

त्याच आकाराचा, 17 पिचचा नवा पंखा बसवला. दुसऱ्या सकाळी आकडे आले: 28 नॉट, 5250 आरपीएम.

तीन नॉट परत मिळाले. पण आरपीएम अडीचशेने खाली! मेकॅनिक म्हणाला, "बघा, पाणी धरणारा पंखा लावला आणि इंजिन दमलं." दिसायला त्याचं बरोबर होतं. कमी पिचचा पंखा लावून आरपीएम वर आणता आले असते. पिच एक इंचाने कमी केलं की आरपीएम दीडशे-दोनशेने वाढतात. पुष्कळ लोक इथे तेच करतात आणि समाधान मानतात. मी पुन्हा वही घेतली. 5250 ला बिनघसरणीचा वेग 34.2 नॉट. प्रत्यक्ष 28. स्लिप 18 टक्के. नव्याकोऱ्या पंख्यावरही स्लिप 12 वर आलेली नाही. दमलेलं इंजिन आणि जड झालेली बोट, दोन्ही आरपीएम खाली ओढतात. पण स्लिप वाढवते ती बोट. झिजलेला पंखा आरपीएम वर ढकलत होता आणि दुसरं काहीतरी ते खाली ओढत होतं. दोघांनी मिळून पहिल्या दिवशी मला 5500 चा साधासुधा आकडा दाखवला होता.

## तळ आणि तळाखालचं

शेजारचे एक काका आयुष्यभर होडीवर राहिलेले. त्यांना हे सगळे आकडे सांगितले, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे झिला, बोट पाण्यात बसता कशी ता बघ आधी."

मी खाली जाऊन बघितलं. पाणी जिथे टेकतं तिथे तळाच्या रंगाची जुनी कड होती. आता बोट रिकामी उभी असताना मागच्या बाजूला ती कड चार बोटं पाण्याखाली होती. रोज नजरेसमोर असलेली गोष्ट होती ती.

जुन्या फायबर बोटींच्या फरशीखाली पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो, बोट उलटली तरी तरंगत राहावी म्हणून. तो पाणी शोषणार नाही अशी समजूत असते. पण वर्षानुवर्षं पाण्यात किंवा ओलाव्यात राहिला की त्याचे कप्पे फुटत जातात आणि स्पंजासारखं पाणी आत बसतं. बोटीच्या तळाचं बूच काढलं तरी ते निघत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा कळश्या पाणी आत राहिलं तरी बोटीत दोन धडधाकट माणसं कायमची झोपून आहेत असं समजा.

खात्रीचा उपाय वजन करण्याचा. ट्रेलर उसना घेतला आणि चिऱ्याच्या ट्रकांचं वजन होतं त्या काट्यावर नेला. आधी बोटीसकट, मग नुसता ट्रेलर. बोट आणि इंजिन मिळून माझ्या हिशेबाने 950 किलो भरायला हवे होते. भरले 1210. म्हणजे 260 किलो जास्त. क्राउचच्या ठोकताळ्यात घातलं तर माणसं-पेट्रोलसह 1200 किलोची बोट 1460 झाली, वेग साधारण 9 टक्क्यांनी घटायला हवा. 32 च्या जागी 29. माझे आले होते 28. आकडा जवळपास जुळला तेव्हा काट्यावरच्या माणसाने विचारलं, एवढं हसायला काय झालं?

फरशीला मागच्या बाजूने बशीएवढी तीन भोकं पाडली. पहिल्याच भोकातून हात घातला तर फोम बोटांनी पिळता येत होता. पिवळट, गार, शेवाळाचा वास. मुठीएवढा तुकडा काढून पिळला तर मनगटावरून पाणी ओघळत कोपरापर्यंत आलं. पाणी मागे जास्त साठलं होतं, कारण पावसाळ्यात बोट झापाखाली ठेवताना मी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जराशी खालीवर झाली का याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. फरशीच्या स्क्रूंच्या भोकांतून चार महिने पाऊस मुरत होता. मागचा सगळा फोम कापून काढला, मोकळी जागा पंधरा दिवस पंखे लावून सुकवली, आणि बंद कप्प्यांचा नवा फोम भरला. फोम काढून जागा तशीच रिकामी ठेवू नका. बोट हलकी होईल, पण बुडाली तर दगडासारखी बुडेल.

बोट वर होती तोवर तळही पाहिला. बार्नेकल खरवडलेले होते, पण त्यांच्या चुन्याच्या गोल खुणा राहिल्या होत्या. त्याही पाण्याला अडतात. हाताला खरखर लागली तर पाण्यालाही लागते. त्यावर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर. ते घासून काढायला दोन माणसांना दोन दिवस लागले.

मग गवंड्याकडून त्याची सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी आणली आणि तळाला, मागच्या टोकापासून पुढे, लांबीच्या दिशेने लावली. पाण्यावर पळताना बोट टेकते ती या मागच्या पाच-सहा फुटांवर. तो भाग सरळ हवा. पट्टीच्या दोन्ही टोकांना तळ टेकतो आणि मध्ये फट दिसते, म्हणजे तळाला आतल्या बाजूने बाक आलाय. असा बाक मागची बाजू उचलतो, नाळ खाली दाबतो, आणि ट्रिमने (इंजिनाचा कल बदलणाऱ्या यंत्रणेने) इंजिन कितीही बाहेर काढलं तरी बोट पाण्याला चिकटून पळते. उलटा, फुगीर बाक आला तर बोट पूर्ण वेगात घोड्यासारखी उड्या मारते. माझ्या पट्टीखाली डाव्या बाजूला मधोमध तीन-चार मिलिमीटरची फट होती. तिथेच, बरोबर तिथेच, गेली काही वर्षं पावसाळ्यात माडाचा ओंडका आडवा येत होता. आत 260 किलो पाणी, खाली एक ओंडका, चार महिने. फायबर हळूहळू वाकणारच.

तो बाक मी भरला नाही. रेझिन लावून, घासून तळ पुन्हा सरळ करता येतो, पण ते जाणत्या हाताचं काम आहे, आणि चुकलं तर बोट वळताना धोकादायक होऊ शकते.

पुन्हा पाण्यात उतरवली. त्या रंगाच्या कडेखाली आता दोन बोटं कोरडी होती. सकाळी सव्वासात वाजता, दोन माणसं, अर्धी टाकी, तोच पंखा. जाताना 31.6, येताना 30.4. सरासरी 31 नॉट, 5550 आरपीएम, स्लिप 14 टक्के. मेकॅनिक मागे बसला होता. त्याने स्वतःच्या मोबाइलवरही मोजलं.

राहिलेला एक नॉट त्या बाकात असावा असं मला वाटतं. यंदा मेअखेरीला बोट वर घेताना ओंडके वापरायचे नाहीत, असं ठरवलंय. तळाच्या उताराप्रमाणे कापलेले, वर गोधडी घातलेले तीन आडवे आधार सुताराकडे करायला टाकलेत. एक नेमका मागच्या फळीखाली येईल. नाळ हातभर उंच, बूच काढून खुंटीला टांगलेलं, आणि झापाच्या आत ताडपत्री.